तुडवलेलं निशाण

नदीकाठच्या नांदवण गावात अंबाजी नावाचा एक गुरव राहत असे. गावामागच्या टेकडीवर शिखरनाथाचं देऊळ होतं. त्या देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि पूजा अंबाजीच्या घराकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. देवाला भिऊन असे, आणि खरं सांगायचं तर माणसांना त्याहून जास्त भिऊन असे. दोष दिसायला लहान, पण ही सगळी गोष्ट त्याच दोषाची आहे, तेव्हा तो आधीच सांगितलेला बरा.

नांदवणची एक रीत होती. दर चैत्रात देवळाच्या शिखरावर नवं तांबडं निशाण चढायचं. जुनं उतरवून त्याच्या पट्ट्या फाडायच्या आणि त्या वर्षी गावात जन्मलेल्या प्रत्येक तान्ह्या लेकराच्या मनगटाला एकेक पट्टी बांधायची. नाथाची पट्टी हातात असली की पोराला दृष्ट लागत नाही, अशी आयाबायांची पक्की समजूत. पट्टी आपणहून गळून पडेपर्यंत कुणी ती सोडत नसे.

हे निशाण रंगवायचं काम मात्र गावातल्या कुणाला जमत नव्हतं. ते नदीपलीकडच्या वस्तीतले रंगारी करत. ही मंडळी निर्मळपंथी. त्यांच्यात मूर्ती नाही, देऊळ नाही. सकाळ-संध्याकाळ वाहत्या पाण्याकडे तोंड करून हात जोडायचे, आणि माणूस गेला की त्याला त्याच पाण्याच्या हवाली करायचं, एवढाच त्यांचा धर्म. शिखरनाथ त्यांचा देव नव्हता. पण शेजाऱ्याचा देव आहे म्हणून त्याचं काम ते मन लावून करत, आणि गावालाही त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

वस्तीतला मुख्य रंगारी झुंबर. दर फाल्गुनात अंबाजी जाडजूड पांढरं कापड खांद्यावर टाकून नदी ओलांडायचा आणि झुंबरच्या हवाली करायचा. झुंबर त्या दिवशी उपास धरी. पाय राखेने घासून घासून धुई. मग दगडी कुंडातल्या ऊन ऊन रंगात कापड सोडून तो आणि त्याची बायको हौसा दिवसभर ते पायांनी तुडवत. तेवढं जाड कापड हातांना दाद देत नाही. तुडवल्याशिवाय रंग सुताच्या पोटात शिरत नाही, आणि वरवर बसलेला रंग पहिल्या उन्हातच उडून जातो. अंबाजी काठावरच्या दगडावर बसून हे बघत असे. ऊन चढलं की तोही नदीत पाय सोडून बसे.

"दादा, नुसते बसून काय राहता? या आत, लागा तुडवायला," झुंबर चिडवायचा.

"माझ्या पायांत तुझ्यासारखा जोर असता तर देवळाच्या पायऱ्या चढताना धापा टाकल्या असत्या का मी?" अंबाजी म्हणायचा.

अशी यांची दोस्ती. अंबाजीच्या बापाने झुंबरच्या बापाला तुडवताना पाहिलं होतं, आजाने आजाला पाहिलं होतं. गावातल्या जाणत्या माणसांनाही ते ठाऊक होतं. त्यात कुणाला पाप वाटलं नाही, कारण ते पाप नव्हतंच.

आता राजाचं ऐका. त्या वर्षी राजा सीमेवरची लढाई हरून आला होता. दुष्काळात कर वाढवलेले, लोक कुरकुरत होते, बाजारात उघड उघड नावं ठेवत होते. प्रधानाने सुचवलं, महाराज, लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवा. देवाच्या मानासाठी कायदा करा, त्याला कोण नाही म्हणणार? आणि खरंच, कुणी नाही म्हटलं नाही. माघ महिन्यात गावोगाव दवंडी फिरली. जो देवाचा किंवा देवाच्या वस्तूचा अपमान करील त्याला कड्यावरून लोटून देहदंड. जो अपमान पाहून गप्प बसेल तोही तितकाच गुन्हेगार. काय अपमान झाला हे कचेरीत तोंडाने वर्णन करायचं नाही, कारण तसं बोलणं हासुद्धा अपमानच. आणि निर्मळपंथीयांची साक्ष अशा खटल्यात धरली जाणार नाही, कारण ज्याला आपला देव मान्य नाही, त्याची शपथ कसली?

नांदवणच्या लोकांनी दवंडी ऐकली, माना डोलावल्या आणि आपापल्या कामाला लागले. आपण कुठे देवाचा अपमान करतो, असं प्रत्येकाला वाटलं. झुंबरलाही तेच वाटलं.

फाल्गुन आला. अंबाजी नेहमीसारखा कापड घेऊन गेला, झुंबर आणि हौसाने नेहमीसारखं ते तुडवलं. कायद्याचा आणि या कामाचा काही संबंध असेल, हे दोघा मित्रांच्या स्वप्नातही आलं नाही.

ते नारोजी महाजनाच्या डोक्यात आलं. नारोजी गावचा कापडाचा व्यापारी. झुंबरच्या घाटावर त्याचा कधीपासून डोळा होता. बारमाही पाणी, दिवसभर ऊन, दगडी कुंडं आयती बांधलेली. दोनदा त्याने घाट मागितला, दोनदा झुंबरने हात जोडून नाही म्हटलं. कायदा झाला आणि नारोजीला तिसऱ्यांदा मागायची गरज उरली नाही. आपल्या दोन नोकरांना घेऊन तो नदीवर गेला, झाडाआडून पाहिलं, आणि थेट चौकी गाठून एकट्या झुंबरचं नाव दिलं, कारण घाट त्याच्या नावावर होता.

शिपायांनी झुंबरला धरून आणलं. चौकीवरच्या अंमलदाराने विचारलं, "निशाणावर पाय दिलास का रे?"

इथे झुंबरने एक चूक केली, आणि ती एखादा रंगारीच करू जाणे. त्याला वाटलं, आपण काम चोरल्याची कुणी तक्रार केली आहे. कापड पुरतं तुडवलं नाही, रंग कच्चा ठेवला, असं कुणीतरी सांगितलं असणार. तो दुखावून म्हणाला, "पाय दिला म्हणजे काय साहेब? सकाळपासून दिवस मावळेस्तोवर तुडवलंय. टाचा बघा, फुटल्यात. मी कामात खोट ठेवीत नाही. अंबाजीदादांना विचारा, ते तिथेच बसले होते."

अंमलदाराने हे सगळं लिहून घेतलं. झुंबरला कोठडीत घातल्यावर त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी हौसा अंबाजीच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत ती कधी आली नव्हती, आजही आली नाही. अंगणातच उभी राहिली. अंबाजीची सून सुंद्रा ओटीवर तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. तिने हौसाला पाणी दिलं, पण हौसाने तांब्या हातात नुसता धरून ठेवला.

"दादा, आमच्या शब्दाला तिथे किंमत नाही," ती म्हणाली. "तुमच्या शब्दाला आहे. तुम्ही देवाचे पुजारी. तुम्ही एवढंच सांगा की ही जुनी रीत आहे, सगळी निशाणं अशीच झाली. पुजारीच म्हणाला की हा अपमान नाही, तर न्यायाधीश कशाला अपमान म्हणेल?"

तिचं बोलणं खरं होतं. अंबाजीला ते पटलंही. "सांगतो," तो म्हणाला. "मी सांगणार नाही तर कोण सांगणार?"

हौसाने त्याला लांबूनच वाकून नमस्कार केला आणि ती गेली.

ती जाते न जाते तोच अंबाजीचा मुलगा यशवंता आतून बाहेर आला. त्याची पाचावर धारण बसली होती. "आबा, वेड लागलंय का तुम्हाला? तुम्ही पाहिलं म्हणालात तर पाहून गप्प का बसलात, असं पहिल्यांदा विचारतील. मग झुंबर राहील बाजूला आणि तुम्हीच कड्यावर उभे राहाल."

"अरे, पण तो निर्दोष आहे."

"आहे ना. आपणही आहोत. आणि सगळी निशाणं तुडवलेली होती म्हणालात, तर गावातल्या पोरांच्या हातात काय बांधलंय मग? लोक घर जाळतील आपलं."

सुंद्रा मधेच बोलली. सासऱ्यापुढे सहसा ती तोंड उघडत नसे. "मामंजी, खरं असेल ते सांगा. त्या बाईचा नवरा आहे तो."

यशवंताने तिला आत जायला सांगितलं. अंबाजी त्या दिवशी जेवला नाही. देवापुढे बराच वेळ बसून राहिला. नाथा, तूच सांग काय करू, असं म्हणत राहिला. खरं तर काय करायचं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. माणसाला ठाऊक असलेली गोष्ट करायची नसली की तो देवाला विचारत बसतो.

खटला देवळाच्या पटांगणातच उभा राहिला. राजधानीहून न्यायाधीश आले होते. सगळं गाव लोटलं होतं. नारोजी पुढे झाला, शपथ घेतली आणि म्हणाला, "मी पाहिलं. काय पाहिलं ते कायद्याने सांगता येत नाही." न्यायाधीशांनी मान हलवली. दोन्ही नोकर तेच बोलले. हौसा काही सांगायला पुढे सरकली, तर शिपायाने तिला काठीने मागे ढकललं.

मग अंबाजीला बोलावलं. न्यायाधीश म्हणाले, "आरोपी म्हणतो, जे घडलं ते तुझ्या समोर घडलं आणि दरवर्षी तसंच घडत आलं आहे. खरं आहे का?"

अंबाजीने समोर पाहिलं. आया लेकरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि प्रत्येक लेकराच्या मनगटात नाथाची पट्टी होती. त्यांच्यात त्याला यशवंता दिसला, सुंद्रा दिसली, तिच्या कडेवरचा नातू दिसला. गावातले जाणते म्हातारे दिसले. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. शेवटी त्याने झुंबरकडे पाहिलं. झुंबरच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आपला दोस्त आला, आता सुटलो, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. अंबाजीने त्याच्यावरची नजर काढून घेतली.

"नाही महाराज," तो म्हणाला. "मी कधी पाहिलं नाही. मी कापड देऊन माघारी येत असे."

"आणि आधीची निशाणं?"

"ती शुद्धच होती. शिखरनाथाची शपथ."

पटांगणात सगळ्या आयाबायांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला. आपल्या पोरांच्या पट्ट्या शुद्ध ठरल्या, यातच सगळं गाव खूश. एक माणूस त्यासाठी जाणार होता, पण तो पलीकडचा होता.

 झुंबर शेजारच्या शिपायाला हळूच म्हणाला, "दादा घाबरलेत. त्यांना बसू द्या, पाणी द्या."

अंबाजीने ते ऐकलं. त्याला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि तो ते प्यायला.

झुंबरला टेकडीमागच्या कड्यावरून लोटून दिलं. प्रेत नदीला द्या, एवढंच हौसा मागत होती. नदी बाटेल म्हणून तेही दिलं नाही. त्याच दुपारी गावातल्या पोरसवदा टोळक्याने पलीकडच्या वस्तीला आग लावली. कुणी शिपाई तिकडे फिरकला नाही. रंगारी होते तसे निघाले. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, लेकरांना बोटाला धरलं, आणि ज्या पाण्याला ते देव मानत होते, त्याला शेवटचे हात जोडून वाट धरली. कुठल्या गावात त्यांना आसरा मिळाला, मिळाला की नाही, नांदवणात कुणी चौकशी केली नाही. घाट नारोजीला मिळाला.

आता गावाला वाटलं, संपलं एकदाचं. पण कायदा काही रंगाऱ्यांबरोबर गाव सोडून गेला नव्हता. पलीकडे कुणी उरलं नाही, तेव्हा तो अलीकडे घरं शोधायला लागला. देवळाकडे पाठ करून बसला म्हणून एका म्हाताऱ्याला शेजाऱ्याने चौकी दाखवली. भांडण झालं की माणसं आधी एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत, आता थेट देवाच्या अपमानाची फिर्याद करू लागली. ती जास्त लागू पडे. लोक खालच्या आवाजात बोलायला लागले, आणि पुढे पुढे बोलायचेच बंद झाले.

अंबाजी देवळात जात असे, घंटा वाजवत असे, पूजा करत असे. जेवण मात्र त्याला जाईना. सुंद्रा ताट वाढून ठेवायची आणि समोर बसायची. त्या दिवसापासून तिने सासऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही. तो तिने दिला असता तर अंबाजीला जरा बरं वाटलं असतं.

पावसाळ्याच्या अखेरीस नातवाच्या मनगटाला फोड आले. पट्टी आवळत होती, खाली पू धरला होता, पोर रात्रंदिवस रडत होतं. पट्टी सोडायची नाही, ही रीत सुंद्रालाही ठाऊक होती. पण आईच ती. तिने पट्टी कापून काढली, हात कोमट पाण्याने धुतला, हळद लावली, आणि ती घाणेरडी चिंधी कुठे टाकायची म्हणून चुलीत घातली. पोर शांत झोपलं.

शेजारची कोंडाबाई विस्तव मागायला आली होती. तिने ते पाहिलं. कोंडाबाई वाईट बाई नव्हती. घरी जाऊन तिने कपाळाला हात लावला, दिवसभर तळमळली, आणि संध्याकाळी चौकीवर जाऊन सांगून आली. नंतर ती रडत रडत लोकांना म्हणत होती, "काय करू? आणखी कुणी पाहिलं असतं आणि मी गप्प बसले असते, तर मलाही धरलं असतं."

पुन्हा तेच पटांगण, तेच न्यायाधीश. सुंद्राने काही लपवलं नाही. पोराचा हात सडत होता, म्हणाली, म्हणून मी काढली.

अंबाजी न बोलावता पुढे आला.  "महाराज, तिने काय जाळलं? एक चिंधी. ती पवित्र होती हे कशावरून?"

न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्याच शपथेवरून," ते म्हणाले. "आधीची निशाणं शुद्ध होती, असं तू याच जागी सांगितलंस."

"मी खोटं बोललो," अंबाजी म्हणाला. "ऐका सगळे. प्रत्येक निशाण पायांनी तुडवूनच रंगलं. माझ्या आजाने पाहिलं, बापाने पाहिलं, मी पाहिलं. झुंबरने उपास धरून ते काम केलं. त्याने अपमान केला असेल, तर निशाण कधी पवित्र नव्हतंच आणि माझ्या सुनेने नुसती चिंधी जाळली. आणि निशाण पवित्र असेल, तर झुंबर निर्दोष होता आणि त्याला मी मारलं. दोहोंतलं एक काहीतरी माना महाराज. दोघांना मारू नका."

 न्यायाधीशांना ते नाकारता येईना. त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग सावकाश म्हणाले, "तू आज खरं बोलतोस असं मानलं, तर या न्यायासनाने एका निरपराध माणसाला कड्यावरून लोटलं असं मानावं लागेल. राजाचं न्यायासन चुकत नाही."

"मग गावाला विचारा," अंबाजी म्हणाला. "या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे."

न्यायाधीशांनी विचारलं. म्हातारे खाली बघत राहिले. त्यांच्या कडेवर, मांडीवर नातवंडं होती आणि त्यांच्या हातांत पट्ट्या होत्या. एकही जण बोलला नाही.

"पलीकडच्यांना तरी विचारा," अंबाजी म्हणाला, आणि त्याचं त्यालाच आठवलं की पलीकडे आता कुणी राहत नाही.

सुनेच्या मायेने म्हातारा भ्रमिष्ट झाला आहे, भ्रमिष्टाच्या बोलण्याला ना खरं मानता येत ना अपमान, असा निकाल लिहून न्यायाधीशांनी अंबाजीला सोडून दिलं. सुंद्राला सोडलं नाही. कड्याकडे जाताना तिने पोर सासऱ्याच्या हातात दिलं. "मामंजी, याचा हात कोरडा ठेवा," एवढंच ती म्हणाली.

अंबाजी पुढे बरीच वर्षं जगला. देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तो झुंबरची हकीकत पहिल्यापासून सांगायचा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. राज्यात तेवढा एकच माणूस ती उघडपणे सांगत होता, आणि तो वेडा आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणी त्याची फिर्यादही केली नाही.

तात्पर्य: देवाच्या मानासाठी म्हणून केलेला जो कायदा खरं बोलणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवतो, तो आधी परक्या घरात शिरतो आणि मग आपल्या. दुबळ्या शेजाऱ्यासाठी खरं बोलायची वेळ असते तेव्हाच ते बोलावं. ती वेळ गेल्यावर बोललेल्या सत्याने कुणाचाच जीव वाचत नाही.